युद्धमृत्यूचे ऋण : बालपरवेशीपासून विमापत्रातील अपवादापर्यंत

आयुर्विम्याच्या करारपत्राचे पहिले पान सर्वांनी पाहिलेले असते. विमेदाराचे नाव, जन्मतारीख, रक्कम, हप्ता, मुदत आणि वारस एवढा मजकूर तेथे असतो, आणि तेवढा वाचून समाधान झाले म्हणजे ते पत्र कपाटात कुलूपबंद होते. परंतु त्याच पत्राच्या पुढील पानांवर बारीक टाइपात ज्या शर्ती छापलेल्या असतात, त्यांपैकी अपघातलाभाच्या कलमाच्या पोटात दंगल, नागरी क्षोभ, बंड, युद्ध (मग ते जाहीर झालेले असो वा नसो), परचक्र, शिकार, गिर्यारोहण आणि शर्यती अशी एक नामावळी येते, आणि या कारणांनी झालेल्या इजेतून मृत्यू ओढवल्यास अपघाताची जादा रक्कम देय होणार नाही, असे तीत नमूद असते. मूळ विम्याची रक्कम या अपवादाने बुडत नाही, ती वारसास मिळते. नाकारली जाते ती अपघाती मृत्यूबद्दलची दुसरी रक्कम. ज्याने केवळ अपघाताचाच विमा उतरवला असेल, त्याच्या वारसाच्या हाती मात्र अशा मृत्यूनंतर काहीच पडत नाही.

हौसेने शर्यतीत उतरणारा, छंदापायी डोंगरकडा चढणारा आणि आपल्या घरात स्वस्थ बसला असता शत्रूच्या बाँबखाली सापडणारा, या तिघांना एकाच ओळीत बसवणारे हे कलम वाचताना विचारी माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो तो असा, की पहिल्या दोघांनी आपले संकट आपण होऊन पत्करले असल्याने त्यांना वगळणे समजू शकते, पण तिसऱ्याने काय पत्करले होते, आणि त्याच्या मृत्यूचे दायित्व विमा कंपनीवर नसेल तर ते कोणावर आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बडोद्यासारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. कारण तलवारीच्या बळावर गुजरातेत उतरलेल्या मराठ्यांचे हे राजधानीचे शहर, दोनशे वर्षांच्या अवधीत, राजाने दिलेल्या वचनावर जगणाऱ्या शिलेदाराचे गाव होते तसेच छापील करारावर विसंबणाऱ्या कारकुनाचेही झाले, आणि या दोन्ही व्यवस्थांचे गुण व दोष त्याने जवळून पाहिले.

मराठी राज्याच्या आरंभापासून रणात पडलेल्या माणसाच्या कुटुंबाचा योगक्षेम हा सरकारच्या कर्तव्यांपैकी एक समजला जात असे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा पाडाव झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी काय व्यवस्था केली हे सांगताना कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत जो तपशील दिला आहे, तो या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे : जे लोक कामास आले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवावे, ज्यांना पुत्र नाही त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन करून द्यावे, आणि जखमी झाले त्यांना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत बक्षीस द्यावे, अशी ती व्यवस्था होती. ही बखर घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी जिंजीस लिहिली गेली, हे लक्षात घेऊनही एवढे निश्चित म्हणता येते, की राजाराम महाराजांच्या काळातील एका जाणत्या अधिकाऱ्याच्या समजुतीप्रमाणे चांगल्या राज्याची ती खूण होती. वारस कोण, त्याला काय द्यावे आणि इजेच्या प्रमाणात मोबदला किती, ही आजच्या दाव्याची तिन्ही अंगे त्या चार ओळींत आलेली आहेत. फरक इतकाच, की आजच्या करारात जो मृत्यू अपवादात पडतो, तोच तेथे हक्काचे मूळ कारण आहे.

पुढे पेशवाईत या प्रघाताला 'बालपरवेशी' हे नाव रूढ झाले. मेलेल्या चाकराच्या लहान मुलांच्या परवरिशीसाठी सरकारातून रोख किंवा जमीन नेमून देणे, असा त्याचा अर्थ. आणि पेशव्यांच्या रोजनिशांत व दफ्तरांत, अमुक लढाईत अमुक माणूस ठार झाला, सबब त्याच्या मुलास बालपरवेशी द्यावी, अशा स्वरूपाच्या नोंदी आढळतात. त्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड ज्यांनी संपादिले, ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या सेवेत बडोद्यास आयुष्याचा ऐन काळ घालवलेले गृहस्थ होते, आणि त्यांच्या 'मराठी रियासती'चा आरंभही त्या सेवेतच झाला, ही गोष्ट बडोद्याच्या वाचकाला अभिमानाची वाटेल.

बडोद्याच्या गायकवाडांचे राज्य तर मुळातच फौजेच्या पायावर उभे होते. पिलाजीराव १७३२ साली डाकोर येथे मारेकऱ्यांच्या हातून पडले, दमाजीराव १७६१ च्या पानिपतावर झुंजून परत आले, आणि पुढे काठेवाडच्या संस्थानिकांकडून खंडणी वसूल करण्यासाठी मुलूखगिरीची फौज बाहेर पडण्याचा क्रम १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचे मेजर वॉकर यांनी खंडणीच्या रकमा ठरवून देईपर्यंत चालू राहिला. अशा राज्यात सरदार, पागेचे स्वार आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस राहणारे शिलेदार यांच्या नेमणुका बापामागे मुलाकडे चालत येत, त्या केवळ पुढील चाकरीच्या मोबदल्यात नव्हे. पूर्वजाने सांडलेल्या रक्ताची ती पावती आहे, अशी देणाऱ्याची व घेणाऱ्याची दोघांचीही भावना असे. सरकारच्या खालच्या पातळीवर, गुजरातेतील खेड्यांतही, धाड पडली असता गावासाठी लढताना मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला गावाकडून जमीन तोडून देण्याची चाल होती, आणि अशा जमिनींना रणवटिया, हाडिया अशी नावे होती. बडोद्याहून कोणत्याही दिशेस काही कोस गेले, की वेशीजवळ घोडेस्वाराची आकृती कोरलेला पाळिया दिसतो. महाराष्ट्रातील वीरगळाचा तो गुजराती भाऊबंद होय. दगड उभा करून गाव मृताची स्मृती राखी आणि जमीन देऊन त्याच्या लेकरांची पोटे राखी, आणि ही दोन्ही कामे एकाच ऋणाची फेड आहे असे मानी.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे वैगुण्य झाकणे योग्य होणार नाही. बालपरवेशी हा कायद्याने मागता येण्याजोगा हक्क नव्हता. ती धन्याची कृपा होती, आणि कृपेला पोहोचण्यासाठी दरबारात वजन असलेला कोणी पाठीराखा लागत असे. तिजोरी रिकामी असली म्हणजे जिवंत शिपायांचाच पगार वर्षानुवर्षे तुंबे, मग मेलेल्यांच्या मुलांचे काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. खुद्द गायकवाड सरकारच्या शब्दाची पत अठराव्या शतकाच्या अखेरीस इतकी खालावली होती, की सावकारांशी झालेल्या करारांना व रयतेला दिलेल्या अभयवचनांना पगारी फौजेतील अरब जमादारांची 'बहांदरी', म्हणजे जामीनकी, घ्यावी लागे. राज्याच्या वचनाला राज्याच्याच नोकराने हमी द्यावी, असा तो विपरीत प्रकार होता. थकलेल्या पगारासाठी हेच अरब १८०२ च्या अखेरीस शहर अडवून बसले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने वेढा घालून त्यांना बाहेर काढले, आणि त्यांच्या बहांदरीच्या जागी इंग्रजांची हमी आली. त्या हमीबरोबर जी पराधीनता आली, तिचा इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्या प्रस्तुत विषयापुरता त्यातला बोध असा, की युद्धमृत्यूचे ऋण मान्य करणे ही एक गोष्ट, आणि ते नियमाने, हिशेबाने व मागितल्यावाचून फेडणे ही दुसरी. जुन्या राज्याने पहिली गोष्ट पूर्णपणे साधली होती, दुसरी त्याला साधली नाही.

१८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले, त्याच वर्षी बालवयाचे सयाजीराव गादीवर आले आणि दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची घडी बसवण्यास प्रारंभ केला. मुलूखगिरी केव्हाच संपली होती. फौज आता मिरवणुकीची शोभा होऊन राहिली, आणि दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या वस्त्यांत जी मराठी कुटुंबे नांदत होती, त्यांतील नव्या पिढीच्या हातात तलवारीऐवजी लेखणी आली. कोठी कचेरीतील कारकून, शाळाखात्यातील मास्तर, न्यायखात्यातील मुन्सफ, वसुली खात्यातील वहिवाटदार असा एक पगारदार वर्ग तयार झाला, की ज्याच्या जवळ वतनही नव्हते आणि व्यापारही नव्हता, आणि ज्याच्या अकाली मृत्यूने घर उघडे पडण्याची भीती पूर्वीच्या शिलेदाराइतकीच होती. या वर्गाला आयुर्विमा हे उत्तर मिळाले. मुंबईस १८७० साली बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ साली ओरिएंटल या कंपन्या निघाल्या होत्या. बडोद्यात मांडवीस २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली आणि पगारातून शिल्लक टाकण्याची सवय या वर्गाला लागली. आणि १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी स्थापन करून मराठी मध्यम वर्गाच्या दारापर्यंत विमा आणून पोहोचवला.

साताऱ्याच्या या कंपनीचा जन्म झाला आणि दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. त्याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, आणि पुढे त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हे उपपद कायमचे जोडले गेले. एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत, कारकुनाच्या विधवेसाठी मुद्रांकित करारपत्र आणि शिपायाच्या विधवेसाठी सरकारी पेन्शन, अशा दोन वाटा शेजारी शेजारी चालू झाल्या. आणि त्या दोन वाटांच्या मधली सीमारेषा म्हणजेच आपले हे युद्धाचे कलम.

हे कलम आले कोठून, याचा माग काढीत गेल्यास अठराव्या शतकातील इंग्लंडमधील आगीच्या विम्यापर्यंत जावे लागते. परचक्र, परकीय शत्रू आणि 'लष्करी अथवा बळकावलेली सत्ता' यांच्यामुळे लागलेल्या आगीबद्दल आपण जबाबदार नाही, असे तेथील कंपन्या त्या काळी लिहून ठेवीत. १७६६ साली नॉर्विच येथे धान्याच्या महागाईने खवळलेल्या जमावाने एका विमेदाराचे माल्टचे कोठार जाळले, तेव्हा जमाव हीही एक बळकावलेली सत्ताच होय, असा युक्तिवाद कंपनीने केला. परंतु पोटासाठी उठलेला जमाव म्हणजे राज्यसत्तेवर हात टाकणारे बंड नव्हे, असे १७६७ मध्ये न्यायालयाच्या बहुमताने ठरून विमेदारास पैसे मिळाले. पुढे १७८० च्या जून महिन्यात लंडनमध्ये गॉर्डन दंगली झाल्या आणि एका कॅथलिक मद्यनिर्मात्याची भट्टी जाळली गेली. या खेपेस विमापत्रात 'नागरी क्षोभ' हेही शब्द होते, आणि सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात कंपनी सुटली. युद्ध, बंड, क्षोभ, परचक्र अशी जी शब्दांची माळ आजच्या करारपत्रात दिसते, तिच्यातील जुन्या मण्यांमागे अशा एकेका जळालेल्या कोठाराची व लढवलेल्या दाव्याची कहाणी आहे. आणि त्या कहाण्या हे दाखवून देतात, की त्या माळेतील एक शब्द अधिक असणे वा उणे असणे यावर कुटुंबाचे भवितव्य ठरते.

कंपन्यांच्या बाजूने जे म्हणता येण्याजोगे आहे, ते पूर्णपणे म्हटले पाहिजे. आयुर्विम्याचे सारे गणित मृत्यूच्या सरासरीवर उभे असते, आणि ही सरासरी खरी ठरते ती एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूशी निगडित नसतो म्हणून. भिशीतील सर्व सभासदांना एकाच महिन्यात पैशांची नड लागली, तर भिशी जशी मोडते, तशी हजारो विमेदारांवर एकाच दिवशी एकाच कारणाने मृत्यू कोसळला, तर शिल्लक निधी कितीही असला तरी पुरा पडत नाही. शिवाय मृत्यूची कोष्टके शांततेच्या काळातील अनुभवावरून तयार केलेली असतात, आणि युद्धाची चाहूल लागताच ज्याला रणांगणावर जावयाचे आहे तोच विमा उतरवण्यास धावतो, त्यामुळे इतरांच्या हप्त्यांवर अन्याय्य भार पडतो. हे सर्व युक्तिवाद सयुक्तिक आहेत. पण ते संपूर्ण नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे काही महिन्यांत नेली, आणि तो मृत्यूही सार्वत्रिक व एकाच कारणाचा होता. तरीसुद्धा साथीने आलेल्या मृत्यूला आयुर्विम्याबाहेर काढण्याची प्रथा पडली नाही. तेव्हा युद्धाला निराळे काढण्यामागे संख्येच्या भीतीखेरीज आणखी एक तत्त्व आहे, आणि ते असे, की साथ निसर्गाची करणी आहे, युद्ध राज्यकर्त्यांची; आणि जो निर्णय राज्याने घेतला, त्याचे मोल खाजगी माणसांच्या हप्त्यांतून फेडले जाऊ नये.

तत्त्व म्हणून हे निर्दोष दिसते. अडचण येते ती कलमाची सीमा कोठवर पसरते हे ठरवताना. १९१६ साली इंग्लंडमध्ये निकालात निघालेला एक दावा या संदर्भात जवळून पाहण्यासारखा आहे. एक लष्करी अधिकारी, रणांगणापासून दूर, इंग्लंडातीलच एका ठाण्यावर नेमलेला, रेल्वेमार्गावर ठेवलेल्या पहारेकऱ्यांची तपासणी करण्यासाठी रात्री रुळांच्या कडेने चालला होता. युद्धामुळे दिवे मंद ठेवण्याचा हुकूम असल्याने काळोख होता, आणि त्या काळोखात आगगाडीच्या धक्क्याने तो मेला. त्याचा अपघाताचा विमा होता. परंतु युद्धामुळे 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' घडलेला मृत्यू त्यातून वगळलेला होता. न्यायमूर्ती स्क्रटन यांनी निर्णय दिला, की गाडीचा धक्का हे मृत्यूचे निकट कारण असले, तरी त्या माणसाला त्या वेळी त्या जागी आणून उभे केले ते युद्धाने, आणि 'अप्रत्यक्षपणे' या शब्दाला काही अर्थ द्यावयाचा तर हा मृत्यू अपवादात बसतो. शत्रू शेकडो मैल दूर असताना, मायभूमीच्या रुळांवर, मायभूमीच्या गाडीखाली आलेला हा मृत्यू एका क्रियाविशेषणाने विम्याबाहेर गेला. ७ मे १९१५ रोजी पाणतीराने बुडालेल्या 'लुसिटानिया' जहाजावरील आल्फ्रेड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाच्या बाबतीतही, त्याचे राष्ट्र त्या वेळी युद्धात नसताना, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असाच निर्णय दिला.

दुसरी अडचण युद्धाच्या प्रारंभाची. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेचे कप्तान मर्विन बेनियन आपल्या जागेवर ठार झाले. अमेरिकेच्या काँग्रेसने युद्ध जाहीर केले ते दुसऱ्या दिवशी, ८ तारखेस. मग ७ तारखेच्या सकाळी युद्ध होते की नव्हते? आयडाहो व साउथ कॅरोलायना या राज्यांतील न्यायालयांनी, त्या दिवशी मेलेल्या अन्य विमेदारांच्या बाबतीत, जाहीरनाम्यापूर्वी युद्ध नव्हते असे मानून वारसांना न्याय दिला. बेनियन यांच्या विम्याच्या दाव्यात मात्र १९४६ साली अपील न्यायालयाने ठरवले, की पहिला बाँब पडला तेव्हाच युद्ध सुरू झाले. एकाच सकाळचे मृत्यू, आणि निर्णय परस्परविरुद्ध. पुढे कोरियातील लढाईस अमेरिकी सरकार युद्ध म्हणण्याचे टाळीत असल्याने हाच घोळ पुन्हा झाला. 'जाहीर झालेले असो वा नसो' हा जो कंस आपल्या करारपत्रांत आज आढळतो, तो वारसाला मिळू शकणारी ही पळवाट बंद करणारा आहे. आणि आपल्या देशाने स्वातंत्र्यानंतर लढलेली युद्धे बहुतांशी औपचारिक जाहीरनाम्यावाचूनच झाली असल्याने, त्या कंसाचे वजन येथे फार मोठे आहे.

खाजगी विम्याने माघार घेतलेल्या ठिकाणी राज्याला पुढे यावे लागते, हा अनुभव दोन्ही महायुद्धांनी जगाला दिला. अमेरिकेने १९१७ साली सैनिकांसाठी १०,००० डॉलरपर्यंतचा सरकारी विमा सुरू केला. १९३७ साली, स्पेनमधील यादवी युद्धातील विमानहल्ल्यांचा संहार पाहून, ब्रिटिश विमा व्यावसायिकांनी जमिनीवरील मालमत्तेची युद्धजोखीम न स्वीकारण्याचा आपसांत ठराव केला, आणि दुसरे युद्ध सुरू होताच ती जोखीम सरकारच्या अंगावर येऊन पडली. हिंदुस्थान सरकारने १९४० साली मालाच्या, १९४२ साली कारखान्यांच्या युद्धजोखमीच्या विम्याचे अध्यादेश काढले. १९४१ साली युद्धात इजा झालेल्यांस साहाय्य देण्याचा अध्यादेश काढला. आणि १९४३ च्या कायद्याने कामगारांना युद्धामुळे होणाऱ्या इजेची भरपाई देण्याचे बंधन मालकांवर घालून त्या दायित्वाचा विमा सरकारकडे उतरवावयास लावला. त्याच युद्धात बडोदे सरकारच्या देणगीमुळे ब्रिटिश वायुदलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीस 'बरोडा' हे नाव मिळाले. राज्याची सत्ता संपत्तीच्या रूपाने युद्धात उतरली होती, आणि युद्धाचे मोल हा सार्वजनिक तिजोरीचा विषय आहे हे दोन्ही बाजूंनी सिद्ध होत होते.

या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती मुंबईस. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत नांगरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरलेली होती. कापसाला आग लागली, आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला महास्फोट झाला, त्यामागून अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. शेकडो माणसे मेली, आग विझवण्यास धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यांत होते, गोदीलगतच्या वस्त्या व वखारी भस्मसात झाल्या. आता हे नुकसान कोणत्या सदरात टाकावयाचे? दारूगोळा युद्धाचा, जहाज युद्धाच्या कामावरचे, पण बाँब टाकणारा शत्रू कोठेच नव्हता. युद्धजोखमीचा विमा म्हणे ही शत्रूची करणी नाही; आगीचा विमा म्हणे हा स्फोट आहे. दोन अपवादांच्या मधल्या फटीत हजारो कुटुंबे सापडली असती. परंतु सरकारने कलमांचा कीस काढीत न बसता त्याच वर्षी खास अध्यादेश काढून भरपाईची जबाबदारी स्वतःकडे घेतली. हिंदुस्थानच्या विम्याच्या इतिहासातील हा प्रसंग आदर्शवत मानला पाहिजे. कारण येथे परक्या सरकारनेसुद्धा हे मान्य केले, की युद्धाच्या सोयीसाठी स्फोटके शहराच्या उराशी आणून ठेवणाऱ्या सत्तेला त्या स्फोटाच्या परिणामांपासून हात झटकता येत नाहीत.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला, आणि त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरला २४५ देशी-विदेशी कंपन्या व प्रॉव्हिडंट संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. भगवद्गीतेतील योगक्षेमाच्या वचनाचे बिरुद महामंडळाने धारण केले. विमा देणारा आणि युद्धाचा निर्णय घेणारा आता एकाच राज्यसंस्थेची दोन अंगे झाली होती. तरी अपघातलाभातील युद्धाचा अपवाद कायम राहिला, आणि युद्धात गुंतलेल्या सैन्यातील नोकरीमुळे येणारा मृत्यूही रूढ मसुद्यात अपवादातच राहिला. त्याची भरपाई निराळ्या वाटेने होत गेली : १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर माल व कारखाने यांच्या आणीबाणीच्या जोखमीचे व नागरिकांच्या इजेसंबंधीचे कायदे झाले, १९७१ साली पुन्हा तशीच तरतूद झाली, त्या युद्धानंतर रणात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी पेन्शनचे नियम उदार करण्यात आले, आणि १ जानेवारी १९७६ पासून सैन्याचा स्वतःचा सामूहिक विमा निधी अस्तित्वात आला. सभासदाच्या बखरीतील निम्मे वेतन अशा रीतीने तीनशे वर्षांनी नियमाच्या, क्रमांकाच्या व हक्काच्या रूपाने परत आले. जुन्या राज्यात जी उणीव होती ती सैनिकाच्या बाबतीत पुष्कळ अंशी भरून निघाली.

नागरिकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे साधे मुलकी विमान कच्छमधील सुथरीजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले आणि आतील आठहीजण मृत्युमुखी पडले. युद्ध जाहीर झालेले नव्हते, विमानात शस्त्र नव्हते, आणि युद्धविराम चार दिवसांवर येऊन ठेपला होता. राज्याच्या मुख्यमंत्र्यावर जे कोसळू शकते, ते सीमेलगतच्या शेतकऱ्यावर, बंदरातील हमालावर आणि कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील कामगारावर कोसळू शकत नाही असे कोण म्हणेल? आणि त्याच कलमात युद्धाच्या शेजारी जी दंगल बसली आहे, तिचा अनुभव तर बडोद्याच्या जुन्या शहराने युद्धापेक्षा किती तरी अधिक वेळा घेतलेला आहे. आपद्धर्माचे कायदे आणीबाणीबरोबर येतात आणि आणीबाणीबरोबर जातात. अपवादाचे कलम मात्र सदासर्वकाळ करारात ठाण मांडून असते. एका बाजूचे दार कायमचे बंद आणि दुसऱ्या बाजूचे प्रसंगी उघडणारे, अशी ही विषम स्थिती आहे.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्याचे कायदे व हुकूम 'आज्ञापत्रिके'तून प्रजेच्या भाषेत प्रसिद्ध होत, आणि जे रयतेवर बंधनकारक आहे ते रयतेस वाचता आले पाहिजे हा त्या राज्याचा नियम होता. विमापत्राच्या बाबतीत तोच नियम आज लागू केला पाहिजे : अपवादाचे कलम पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, विमेदाराच्या भाषेत छापले जावे, आणि विमा प्रतिनिधीने सही घेण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्याचबरोबर युद्ध, परचक्र आणि दंगल यांत आपल्या दोषावाचून बळी पडणाऱ्या नागरिकाच्या कुटुंबासाठी, अध्यादेशाची वाट न पाहता लागू होणारा कायमचा कायदा राज्याने करावा. विमा संस्थेने युद्धाला वगळावे हे गणिताच्या दृष्टीने क्षम्य आहे, पण त्या अपवादाच्या पलीकडे राज्य उभे असेल तोपर्यंतच ते न्याय्य आहे. तसे नसेल तर राजाचे ऋण विधवेच्या माथी मारल्यासारखे होते. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे, की आज घरी असलेले विमापत्र बाहेर काढून अपघातलाभाचे कलम शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे, आणि ते घरातील सर्वांना समजावून सांगावे.